एआयच्या नावानं चांगभलं

हैदराबादला काचीगुड्यात आमच्या दाजींच्या घरी सध्या जो प्रश्न पेटलाय, त्यापुढे तेलंगण-आंध्रचा कृष्णेच्या पाण्याचा वाद किरकोळ वाटावा. भाच्याला कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदलायचं आहे. आहे ते जीटीएक्स १०६०, सन २०१६ची पैदास. चालतं. पंखा घरघरतो, पण दाजींच्या कूलरपुढे ती घरघर म्हणजे वीणावादनच.

"चालतंय ना? मग कशाला?" हा दाजींचा पहिला आणि शेवटचा मुद्दा. त्यावर भाच्यानं पुरावा आणला : या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवलं, आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही २०२८पर्यंत. दाजी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "म्हणजे नोकरी संपली, पेन्शन चालू आहे. असल्या माणसाला घराबाहेर काढतात का?"

तसा हा खटला जुनाच आहे. २०२१ साली आभासी नाण्यांच्या खाणवाल्यांनी बाजारातली कार्डं उचलली आणि भाव आभाळाला भिडले, तेव्हा दाजी म्हणाले, "स्वस्त होऊ दे." सप्टेंबर २०२२मध्ये त्यातल्या इथेरियम या नाण्यानं आपली पद्धतच बदलली, खाणी बंद पडल्या आणि तीच कार्डं जुन्या बाजारात पडेल भावानं आली. तेव्हा दाजी म्हणाले, "रात्रंदिवस राबवलेला बैल मी दावणीला बांधणार नाही." नाही म्हणायला माणसाला तंत्रज्ञान कळावंच लागतं असं नाही.

अखेर भाच्याला साक्षात्कार झाला. मराठी घरात 'गेम' म्हटलं की पाकीट मिटतं आणि 'कोर्स' म्हटलं की उघडतं. हे शहाणपण त्याला अमीरपेटेत मिळालं. तिथल्या मैत्रीवनमच्या आजूबाजूला पाट्यांचं जंगल आहे. ओरॅकल, जावा, सॅप, हदूप असे एकेक देव तिथे पाटीवर बसून उतरले. सध्या एआयचा उत्सव आहे. भाच्यानं जेवताना हळूच पुडी सोडली, "बाबा, एआय शिकायचं तर कुडा लागतं, आणि ते नव्या कार्डावर चांगलं चालतं." कुडा हे एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर, पण ताईला वाटलं, पत्थरगट्टीच्या मोत्यांच्या कुड्यांचा विषय निघाला. ती अर्धा दिवस खुशीत होती.

दाजी मात्र विरघळले. एवढंच विचारलं, "मग नोकरी लागेल?" शिकण्यापुरतं कार्ड गूगलच्या कोलॅबवर फुकट वापरायला मिळतं, असं मी म्हणणार होतो, पण भाच्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मामानं काही गोष्टी जाणून गप्प बसायचं असतं.

मग वरात निघाली सिकंदराबादला, पार्कलेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरात. दुकानदारानं कार्डाकडे न बघता आधी आमच्या एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, फोटो बघितला. "ये नक्को साब, जल जाता. पैले ये बदलो. कार्ड परसों आ जाता." एसएमपीएस बदलायचा तर कॅबिनेट अपुरं. कॅबिनेट घेतलं तर साठ हर्ट्झचा मॉनिटर त्याच्या शेजारी दरिद्री दिसणार. नालेसाठी घोडा घेण्याची म्हण आपल्याकडे आहे. इथे नालेसाठी घोडा, तबेला आणि मोतद्दारही. त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

दाजींना सगळ्यात लागलं ते वेगळंच. एनव्हिडिया आणि एएमडी या दोघांचेही इंजिनिअर हायटेक सिटीच्या बाजूला बसतात. "आपल्या गावातली पोरं डोकं लावणार, चिप तैवानात बनणार आणि आपण ती पार्कलेनला कर भरून घेणार?" डॅलसच्या पुतण्याकडून मागवू म्हणाले, तर वॉरंटीचं घोडं अडलं. मग विजेचा हिशेब निघाला. भाच्याचा डोळा आरटीएक्स ५०६० टीआयवर, सोळा जीबीच्या. १८० वॉट, रोज चार तास. महिन्याला साडेएकवीस युनिट. जुनंही १२० वॉट खातंच, म्हणजे वाढ सातेक युनिटांची, असं भाच्यानं दाखवलं. "आणि मे महिन्यात त्या खोलीत बसणार कोण?" ताईनं विचारलं. खरा तांत्रिक प्रश्न तेवढा एकच होता, आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

तुमच्या घरीही हा खटला उभा असेल, तर माझा निवाडा ऐका. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. कार्डाचा आकडा शंभरी गाठतोय आणि प्रोसेसर निवांत आहे, तर कार्ड बदला. उलट प्रोसेसरच धापा टाकत असेल, तर नवं कार्ड शेजारी बसून माशा मारील, पैसे ठेवा. एसएमपीएसमध्ये कंजुषी करू नका, पक्कं बिल घ्या. आणि वडिलांना सरळ सांगा, गेम खेळायचाय म्हणून. एआयचं नाव घ्याल तर वर्षानं ते सर्टिफिकेट मागतील.