दुष्काळ दाखवणारे तात्या

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, ज्वेलर्स स्ट्रीटच्या आसपासच्या बोळातून जाताना विट्याच्या वळणाची शिवी कानावर आली, की समजावं, वर गलाईचं दुकान आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची ही माणसं. देशात जिथं सोनार, तिथं हे. सोनाराच्या दुकानातलं मातेरं, म्हणजे झाडलोटीचा कचरा, पैसे मोजून घ्यायचा, जाळायचा, मुशीत वितळवायचा, तेजाब घालायचं आणि सोनं वेगळं काढायचं. अशा दुकानात एक तात्या असतातच. पोरवयात चुलत्याचं बोट धरून आलेले. ‘शिवाजीनगरला जायचंय’ म्हटल्यावर ते पुण्यातलंच असणार, म्हणून एक सदरा कमी घेऊन आलेले. आता कन्नड फर्डी, उर्दू गल्लीपुरती, तमिळ उधारी वसूल होण्याइतकी.

या तात्यांना दर उन्हाळ्यात घरच्यांना ‘आपला मुलूख’ दाखवायची उबळ येते. मुलगा म्हणतो, यंदा उत्तरेला जाऊ, मनाली बघू. तात्या म्हणतात, “उत्तरंलाच चाललोय की!” बेंगळुरूहून विटा उत्तरेलाच आहे, त्यामुळं वाद तिथंच मिटतो. पावसाळ्यात जाऊ, असं सुनेनं एकदा सुचवून पाहिलं. ते नामंजूर झालं. पावसाळ्यात दुष्काळ नीट दिसत नाही.

कारण तात्यांना दाखवायचा असतो तो दुष्काळ. बहात्तर साली ते चौथीत होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला, शाळेत सुकडी, आणि विहिरीत दोराला बांधून खाली सोडलेले स्वतः तात्या, झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरताना. ही कथा नातवंडांना पाठ आहे. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांची ‘बनगरवाडी’ तात्यांनी वाचलेली नाही, पण तिच्यातला दुष्काळ आपल्या सातबाऱ्यावर असल्यासारखं ते बोलतात.

एकदा मागच्या सीटवर मीही होतो. पहाटे चारला निघालो. चित्रदुर्गाचे ते अवाढव्य गोल दगड, डोंगरावरच्या पवनचक्क्या, पोरं काचेला नाक लावून बसलेली. तात्या झोपलेले. “थांबूया का?” “दगडच हैत ते. आपल्याकडं बघा दगड.” दावणगेरेला मात्र थांबले, बेण्णे डोसा खाल्ला, डॉक्टरांनी बंद केलेलं लोणी वर मागून घेतलं. हुबळी, धारवाड, बेळगाव, निपाणी ही सगळी त्यांच्या लेखी वाटेतली. कोगनोळीचा नाका ओलांडला आणि तात्यांनी एसी बंद करायला लावून चारी काचा खाली घेतल्या. “आपली हवा!” आपली हवा भर दुपारची होती. सूनबाईंनी पदर तोंडावर घेतला.

कराडहून विट्याकडं वळलो आणि तात्यांचा चेहरा उतरू लागला. दोन्ही बाजूंना ऊस. मग द्राक्षं. मग परत ऊस. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत या दुष्काळी पट्ट्यात आणून सोडतात. भल्याभल्यांचे डोळे ते पाणी बघून भरून आले. तात्या मात्र खिडकीतून चोरी झाल्यासारखे ओरडत होते, “हितं काय न्हवतं! कायसुदिक न्हवतं!”

नातू म्हणाला, “अज्जा, तुमचा दुष्काळ कुठं आहे?”

शेवटचा आधार ती विहीर. तर ती काठोकाठ भरलेली, तिच्यात वस्तीवरची पोरं उड्या मारतायत. तात्या काठावर उभे राहिले. पुतण्याला दबक्या आवाजात विचारलं, “आटत न्हाई व्हय कधी?” पुतण्यानं अभिमानानं “न्हाई” म्हटलं, आणि तात्यांना बसायला बाज मागवावी लागली.

दुसऱ्या दिवशी खानापूरच्या पुढं, भिवघाटाच्या अंगाला, पाइपलाइनीच्या कचाट्यातून सुटलेला एक कुसळाचा माळ त्यांना सापडला. चार बाभळी, एक शेळी. तात्या खुलले. दुपारी दोनच्या उन्हात सगळं खानदान ओळीनं उभं करून फोटो काढला. तो आता दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी आहे. आलेल्या सोनाराला ते सांगतात, “हे आमचं गाव.” फोटोत शेळी तेवढी नीट आली आहे.

हसू येतं, पण मला तात्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ वाटत नाही. पाऊस वेळेवर पडला असता तर हा माणूस शिवाजीनगरात आलाच नसता. ज्वारी राखत तिथंच बसला असता. दुकान, दुमजली घर, इंजिनियर मुलगा, सगळ्याचं भांडवल त्या कोरड्या विहिरीनं दिलं. आणि जन्मभर कचऱ्यात सोनं बघितलेल्या डोळ्यांना हिरव्या शिवारात काय दिसणार?

अर्थात परतीच्या वाटेवर, सगळे झोपलेत असं समजून, त्यांनी पुतण्याला फोन केला. पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, आणि आपल्या वाटणीतल्या उसाला टनाला काय भाव निघाला, एवढंच विचारलं.

तेव्हा एक विनंती. मे महिन्यात विटा-खानापूर रस्त्यावर कर्नाटक पासिंगची गाडी थांबवून कुणी म्हातारा “हितं कुठं माळ राहिलाय का?” असं विचारू लागला, तर हसू नका, असेल तिथला माळ दाखवा. फक्त नातवंडांसमोर त्यांच्या उसाचा विषय काढू नका.