मधल्या सीटवरून सविनय

प्रिय सहप्रवासी प्रोग्रामरहो,



पायकॉन इंडिया या पायथनवाल्यांच्या परिषदेसाठी आपण मला पुण्याहून बंगळुरूला आपल्या गाडीतून नेलंत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विमानाने दीडेक तासात पोचलो असतो आणि आपले गुण कळायचे राहून गेले असते.

सर्वप्रथम आपल्या अंदाजशास्त्राला वंदन. अंतर साधारण ८४० किलोमीटर. आपण म्हणालात, ‘पहाटे पाचला निघू, संध्याकाळी सातला टेकू.’ कुठल्या कामाला किती दिवस लागतील हे सांगण्याचाच आपण पगार घेता, म्हणून मी विश्वास ठेवला. साडेसातला गाडी माझ्या फाटकाशी आली आणि तिथून उलट्या दिशेने वाकडला गेली, पाचव्या गड्याला उचलायला. उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, असं फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच पुस्तकात लिहून ठेवलंय. ते पुस्तक आपल्या सगळ्यांच्या टेबलावर आहे, मॉनिटरची उंची वाढवायला.

पुढे कात्रजचा जुना घाट की नवा बोगदा, यावर खल. डायक्स्ट्रा यांनी १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, हाती कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत जवळात जवळचा रस्ता काढायची रीत शोधली. आपल्याला तेवढी मिनिटं दोनांतला एक रस्ता निवडायला लागली. शेवटी बोगद्यातून गेलो. कात्रजचा घाट मला पहाटे पाचच्या वायद्यानेच दाखवून झाला होता.

वार शुक्रवार. शुक्रवारी कोड लाइव्ह करू नये, हे आपल्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. तरी निघता निघता ‘छोटासाच बदल आहे’ म्हणत आपल्यापैकी एकाने तो केलाच. खंबाटकीच्या चढावर सगळ्यांचे फोन एकदम वाजू लागले. खिडकीवाल्यांच्या स्क्रीनवर ऊन येतं, सबब लॅपटॉप माझ्या मांडीवर. दर वळणाला नेटवर्क जाई आणि रोलबॅक अर्ध्यावर लटके. घाट उतरेपर्यंत साइट पूर्वपदावर आली, माझं पोट काही आलं नाही.

परिषदेत पाच-पाच मिनिटांची छोटी भाषणं असतात. वेळ संपली की वक्त्याला खाली उतरवतात. आपल्या सारथ्याने ‘रस्ट का शिकावी’ हे भाषण कराडला सुरू केलं, ते कोल्हापुरात मिसळ समोर आली तेव्हा थांबलं आणि कट संपताच पुढे चालू झालं. गाडी चालवणाऱ्या वक्त्याला उतरवायची सोय अजून कोणी काढलेली नाही.

ते भाषण शेवटी कोगनोळीच्या टोलनाक्याने थांबवलं. दांडा वर जाईना, फास्टॅगमध्ये शिल्लक नव्हती. फास्टॅगचे मालक ऑफिसात पेमेंटची सिस्टिम सांभाळतात, हे इथे नम्रपणे नमूद करतो. ते ओटीपीची वाट बघत होते, मागे हॉर्नचा कल्लोळ चालला होता. अशा वेळी माझ्या उजव्या अंगाचे गृहस्थ शेंगदाणे खात शांतपणे म्हणाले, ‘तुझ्या कनेक्शन पूलचं हेच झालं असणार. एरर आली की तुझा कोड कनेक्शन परतच करत नाही. लेन अडवून बसतो.’

तीन आठवडे त्या बगने माझी झोप खाल्ली होती. रात्री एक वाजता हॉटेलात पोचल्यावर तपासलं. बग तिथेच होता. इतका मोलाचा विषय परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेही छापलेला नव्हता, याचा मी निषेध करतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या सत्रात आपण पाचही जण एका ओळीत झोपलो. भाषणांचे व्हिडिओ नंतर घरबसल्या फुकट बघता येतात, हे ठाऊक असल्यामुळे झोप गाढ लागली.

आता मुद्द्याचं. पायकॉन इंडिया २००९ साली बंगळुरूतच सुरू झाली, पण २०११ साली ती आपल्या पुण्यात भरली होती. तेव्हा आपल्यापैकी कोण गेलं होतं? ‘पार्किंग मिळत नाही’ म्हणून एकही जण फिरकला नाही, मीही नाही. तरी आपण पाचांनी सह्या करून आयोजकांना अर्ज द्यावा: परिषद कुठेही भरवा, पुण्यात तेवढी नको. किमान चार टोलनाके मध्ये असावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या सीटवरचा मधला

ता. क.: पुढच्या खेपेला कृपया फास्टॅग भरून ठेवू नये. माझ्याकडे अजून दोन बग शिल्लक आहेत.