ओनरशिपवाले साहेब

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत, कुठल्याही मजल्यावर ओनरशिपवाले साहेब भेटतात. एरवी ते मराठीतच बोलतात. कँटीनच्या मिसळीचा उद्धारही मराठीतच करतात. पण काहीतरी कुणाच्या तरी गळ्यात पडणार अशी हवा झाली की साहेब इंग्रजीत शिरतात. "हू इज ओनिंग धिस?" म्हणतात, आणि सगळ्या माना लॅपटॉपमध्ये जातात.

टेबलावर त्यांनी 'द बक स्टॉप्स हिअर' ही पाटी ठेवली आहे. म्हणजे जबाबदारी इथून पुढे सरकणार नाही. मूळ पाटी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांची. ओक्लाहोमातल्या एल रिनोच्या सुधारगृहात तयार होऊन ती 1945च्या ऑक्टोबरात त्यांच्याकडे आली. जबाबदारीची एवढी गाजलेली पाटी निघाली ती कैद्यांच्या मुक्कामातून, हे साहेबांना सांगून पाहिलं. त्यांनी "इंटरेस्टिंग" म्हणून विषय मिटवला. त्यांच्या पाटीचं तोंड अर्थातच समोरच्या खुर्चीकडे असतं. 'हिअर' म्हणजे नेमकं कुठे, हे त्या खुर्चीत बसणाऱ्याला लवकरच कळतं.

साहेबांचं खरं कसब दिसतं रेसी चार्टमध्ये. कामाला रिस्पॉन्सिबल कोण, अकाउंटेबल कोण, सल्ला कुणाचा घ्यायचा आणि नुसतं कळवायचं कुणाला, असे त्यात चार रकाने. रिस्पॉन्सिबल कितीही असोत, अकाउंटेबल एकच हवा, हा नियम साहेब कसोशीने पाळतात. तो एक शोधायला ते उशिरापर्यंत थांबतात. बहुधा नुकतीच प्रोबेशन संपलेली एखादी मुलगी तिथे बसते. साहेब स्वतः 'कळवायचं'च्या रकान्यात. प्रॉडक्शन डाऊन झालं की मग दुखावलेल्या आवाजात म्हणतात, "आय वॉज नॉट इन्फॉर्म्ड."

सर्वनामांवरची त्यांची हुकमत तर बघत राहावी. क्लायंट खूश असला की 'आय'. क्लायंट चिडला की 'वी', आणि त्या 'वी'त साहेब सोडून सगळे. मराठीत आधी 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावं लागलं असतं; इंग्रजीने तीही कटकट ठेवलेली नाही. प्रकरण फारच चिघळलं तर वाक्यातून माणूसच उठून जातो: "मिस्टेक्स वेअर मेड." हे घराणं मोठं आहे. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं अंगाशी आलं तेव्हा, 1987 साली, रोनाल्ड रेगन यांनीही अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' असंच म्हटलं होतं. चुका झाल्या. कुणी केल्या, ते विचारायला त्या वाक्यात जागाच नाही.

मध्यंतरी बॅकअप न घेताच कुणीतरी डेटाबेस अपग्रेड केला आणि सगळा डेटा गेला. क्लायंटच्या बाजूने कॉलवर न्यू जर्सीच्या एक बाई आल्या. साहेबांचं 'लेसन्स लर्न्ट' आणि 'गोइंग फॉरवर्ड' त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग स्वच्छ सदाशिवपेठी मराठीत विचारलं, "ते असू दे हो. बॅकअप का नव्हता?"

आता साहेब अडकले, असं आम्हाला वाटलं. पण मातृभाषा काही परकी नसते.

"अहो, ते राहूनच गेलं बघा."

"कुणाकडून?"

तेवढ्यात साहेबांचं नेटवर्क गेलं.