पेशी मोबाइलवर, बेडूक बांधीत

व्हिडिओंच्या भरवशावर अकरावी-बारावीचं जीवशास्त्र घरीच शिकवू पाहणाऱ्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या नवशिक्या पालकांसाठी

अभिनंदन! मुलीची दहावी झाली, तिला कॉलेजात जायचं नाही, आणि तुम्ही चारचौघांत "मीच शिकवतो घरी" असं बोलून बसलात. आता माघार नाही. स्वतःला जीवशास्त्रातलं काय काय आठवतं, हे मात्र आज तपासू नका. झोप उडेल. खालच्या पायऱ्या क्रमानं चढा.

पायरी 1 : आधी शेजाऱ्यांची तोंडी परीक्षा

"पोरगी कॉलेजात नाही जात, मंग करते का दिवसभर?" हा प्रश्न येणारच. उत्तर पाठ करून ठेवा. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 6 ते 14 वयासाठी आहे. तुमची मुलगी त्यापुढे गेली. बारावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून देता येते. तिथं जीवशास्त्राचा विषय क्रमांक 314, लेखी 80 गुण, प्रात्यक्षिक 20. हा 314 ठणकावून सांगा. आकडा ऐकला की विचारणारा चहाकडे वळतो.

त्या 20 गुणांकडे मात्र तुम्ही स्वतः नीट बघा. प्रात्यक्षिक अभ्यासकेंद्रावर जाऊन हातानं करून दाखवावं लागतं. तिथं व्हिडिओ पुढे सरकवायची सोय नसते.

पायरी 2 : व्हिडिओ साठवू नका

नवशिक्या पालक पहिल्या आठवड्यात "नंतर बघू"ची यादी करतो. गणपती येईपर्यंत यादी वाढते, बघणं शून्य. त्यापेक्षा बालभारतीचं अकरावीचं पुस्तक उघडा, धड्यांची नावं वहीत उतरवा आणि एका धड्यापुढे एकच व्हिडिओ लिहा. हँक ग्रीन यांची 2012 सालची क्रॅश कोर्स मालिका 40 भागांची आहे. गडी हुशार आहे, पण बोलतो असं की गाडी सुटत आहे. वेग कमी करून लावा.

नियम एकच: जे डोळ्यांना दिसत नाही, ते व्हिडिओवर. पेशीविभाजन, डीएनएची प्रत निघणं, हृदयाच्या झडपा, चेतापेशीतून जाणारा संदेश यांच्यासाठी मोबाइलला हात जोडा. पण बेडकाचं जीवनचक्र इंग्रजी निवेदनात बघायचं आणि घरामागच्या बांधीत बेडूक ओरडत बसलेले, हे बरं दिसत नाही.

पायरी 3 : लाइट जाईल असं धरून चाला

आपल्या जिल्ह्यात 2920 मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. तरी मे महिन्यातलं वादळ नेमकं प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यालाच येतं. व्हिडिओ आदल्या रात्री उतरवून ठेवा. पारा 46 वर गेला की मोबाइल तापून बंद पडतो आणि मुलगी पाणी मागते. हा समस्थितीचा धडा समजा: माणूस घाम गाळून तापमान सांभाळतो, मोबाइलला ते जमत नाही.

पायरी 4 : परदेशी पानगळ ओळखा

व्हिडिओत मेपलची पानं लाल होऊन गळतात. कारण तिकडे दिवस लहान होतो आणि थंडी पडते. तुमच्या सागाला ही बातमी कळलेली नसते. ऑक्टोबरात तो हिरवागार असतो आणि हिवाळा सरून उन्हं तापू लागली की पानं टाकतो. मोहही पानं टाकतो आणि उघड्या फांद्यांवर फुलतो.

व्हिडिओ इथं थांबवा आणि विचारा: तिकडे थंडीनं, तर इकडे कशानं? मुलगी पर्णरंध्रांपर्यंत पोचली, पानांतून पाणी उडतं आणि उन्हाळ्यात जमिनीत ते नसतं असं म्हणाली, की पाठ झाला. उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत होतं, असा चेहरा ठेवा.

पायरी 5 : मेंडेल आणि नांदेडचे दादाजी

आनुवंशिकतेच्या प्रत्येक व्हिडिओत मेंडेल आणि वाटाणे असतात. असू द्या. पण त्याच दिवशी नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे सांगा. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याला 1983 साली धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून आलेल्या वाणाला मनगटी घड्याळाचं नाव मिळालं: एचएमटी. दादाजी 2018 साली गेले, तांदूळ आजही ताटात आहे.

आता गृहपाठ. निवडलेला गुण पुढच्या पिढीत टिकला कसा? धान बहुतांशी स्वपरागण करतं, मेंडेलचा वाटाणाही तेच करतो. म्हणजे मठातला पाद्री आणि बांधीतला शेतकरी, दोघांनाही शिस्तीचं पीक मिळालं. लोंबी फुलायच्या दिवसांत सकाळी उन्हं वर आली की मुलीला बांधावर न्या. धानाचं फूल थोडाच वेळ उघडतं; ते बघायला कुठलंही इंटरनेट लागत नाही.

पायरी 6 : सिकलसेल वगळू नका

पुस्तकात हा आजार चार ओळींत उरकतो. चंद्रपूर-गडचिरोलीत तो घराघरांत माहीत आहे, म्हणून याला आठवडा द्या. रेणू पातळीवरचं व्हिडिओवर दाखवा: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

मग व्हिडिओ बंद, कागद-पेन घ्या. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50, दोन्ही नसण्याची 25. "पहिल्याला झाला, आता पुढच्या तिघांना नाही" हा हिशेब चूक आहे, हे तिच्याकडूनच वदवून घ्या. वाहकाला मलेरियाच्या गंभीर रूपापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून हा जनुक मलेरियाच्या मुलखात टिकला. नैसर्गिक निवडीचा धडा इथंच उरकतो. जाता जाता घरातल्या मोठ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, की लग्नाआधी पत्रिकेपेक्षा रक्त तपासणं शहाणपणाचं.

पायरी 7 : परिसंस्था, पण वाघाशिवाय

"अन्नसाखळी" शोधलं की मोबाइल ताडोबाच्या वाघिणी दाखवू लागतो आणि दोन तास सफारीत जातात. वाघ टोकाला असतो. साखळी गवतापासून सुरू होते. आणि प्रात्यक्षिकासाठी जंगलात जायचं नाही. मोह वेचायला, सरपणाला गेलेली माणसं या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात मरतात. तुमच्या 20 गुणांसाठी तो धोका पत्करू नका.

जंगल आठवडी बाजारात येतंच. पावसाळ्यात सात्या नावाची अळंबी विकायला बसलेल्या बाईंना विचारा, या वारुळावरच का उगवतात? वाळवी वारुळात ही बुरशी पिकवते, बुरशी लाकूड-पाला पचवून वाळवीला खाऊ घालते. सहजीवनाचं इतकं चविष्ट उदाहरण परदेशी मालिकेत मिळणार नाही. फक्त, व्हिडिओ बघून अळंबी ओळखायला जाऊ नका. ओळख बाईंची, अभ्यास तुमचा.

स्वयंपाकघरातही प्रयोग आहे. एचएमटीची पेज थंड करून त्यात आयोडीनचा थेंब टाका, निळीकाळी होईल. दुसऱ्या वाटीत आधी थोडी लाळ मिसळा, काही वेळ थांबा, मग आयोडीन टाका. रंग फिका पडला की अमायलेज कामाला लागलं. वाट्या घासायचं काम विद्यार्थिनीचं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एका दिवसात किती व्हिडिओ?* एक. तो संपल्यावर मुलीनं आजीला सगळं समजावून सांगायचं. आजीनं "म्हणजे का?" विचारलं आणि मुलगी अडली, तर तोच व्हिडिओ उद्या पुन्हा.

*मी स्वतः वाणिज्य शाखेचा आहे, चालेल?* उत्तम. तुम्ही खरोखर अज्ञानी असल्यामुळे तुमचे प्रश्न खरे असतील.

*सगळे व्हिडिओ बघून झाले. अभ्यासक्रम संपला ना?* नाही. प्रात्यक्षिकाची वही राहिली आहे, आणि ती आईनं लिहून द्यायची नसते.