पुणे वगळून

बीडच्या माणसाला पुण्याला जायचं असेल तर काही अडचण नसते. पोरगं तिथं असतं, पोरगी तिथं असते, नाहीतर दवाखाना तरी तिथला असतो. अडचण होते ती पुण्याला जायचं नसेल तेव्हा. मुंबई म्हणा, ठाणं म्हणा, पनवेल म्हणा, मध्ये पुणं आडवं पडलेलं असतं. शिरूर-रांजणगावपर्यंत हसतखेळत आलेली माणसं वाघोलीत शिरली की गप्प होतात आणि खराडी येईपर्यंत एकमेकांशी बोलेनाशी होतात.

त्यामुळं पुणं चुकवण्याचं एक शास्त्रच आमच्याकडं तयार झालं आहे, आणि त्या शास्त्रातला बीडमधला शेवटचा शब्द माझा, अशी माझी समजूत होती. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात, कारकुनीत गेली. जिल्ह्यातले रस्ते माझ्या टेबलावरून गेले. त्यांच्यावरून मी फारसा गेलो नाही. निवृत्तीनंतर ही उणीव मी लोकांना रस्ते सांगून भरून काढू लागलो. कुणी मुंबईचं नाव काढलं की मी खिशातला पेन काढायचो. दशक्रियेला गेलो तरी काकस्पर्शाची वाट बघणाऱ्या चार माणसांना मी जामखेड-श्रीगोंद्याचा रस्ता समजावून द्यायचो. कावळ्यालाही उशीर होत असेल तर तो वाघोलीमार्गे येत असावा, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर कुणी हसलं नाही.

तर मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा पनवेलला ठरला. मुलगी नोकरीनिमित्त नवी मुंबईतच, व्याही पनवेलचे, मुहूर्त शनिवारी दुपारी साडेबाराचा. दिवाळी होऊन गेलेली. गाडी माझी, चालवणार माझा भाचा, मागे बायको आणि मेव्हणा. नवरदेवाची अंगठी मेव्हण्याच्या आतल्या खिशात. आणि मार्गनिश्चिती, अर्थातच, माझ्याकडं.

मी रीतसर तुलनात्मक तक्ता केला. सवयीचा परिणाम. अनुक्रमांक, मार्ग, गुण, दोष, शेरा. पहिला मार्ग नगरवरून शिरूर, वाघोली, पुणे आणि मग द्रुतगती मार्ग. (कागदावर आता अहिल्यानगर आहे, पण बीडच्या तोंडातून अजून नगरच येतं.) शेरा : ‘अडाणी लोकांचा मार्ग.’ दुसरा, नगरवरून आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण. हा सरळ राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१. शेरा : ‘मेव्हण्यांस घाटात मळमळते.’ तिसरा समृद्धी. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला आणि सातशे एक किलोमीटरचा अख्खा रस्ता वाहता झाला. ताशी एकशेवीसची मुभा, मध्ये ना चौक ना सिग्नल. पण त्यासाठी बीडहून आधी गेवराई करत छत्रपती संभाजीनगर गाठायचं. पश्चिमेला जायचं म्हणून पहिले काही तास उत्तरेला तोंड करून बसायचं, हे माझ्या कारकुनी मनाला पटेना. शेरा : ‘फेरा पडतो.’

चौथा माझा लाडका. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढायचा, तिथून पाटोदा, जामखेड, श्रीगोंदा, काष्टी, न्हावरे, शिक्रापूर, चाकण आणि तळेगाव. राष्ट्रीय महामार्ग ५४८-डी. पुण्याला हात न लावता, त्याच्या डोक्यावरून वळसा घालून थेट द्रुतगती मार्गाला. शेरा : ‘शिफारस करण्यात येते.’ खाली सही केली. मंजुरीसाठी तक्ता बायकोसमोर ठेवला. तिनं त्यावर चहाचा कप ठेवला.

“अहो, आत्याबाई एसटीनं निघाल्यात रात्रीच्या. आपण पण त्यांच्यासोबत जाऊ की.”

आत्याबाई म्हणजे बायकोच्या सख्ख्या आत्या. त्यांना मी फोन करून विचारलं, गाडी कुठल्या मार्गानं जाते? त्या म्हणाल्या, “आता ते डायवरला माहीत.” अशा माणसांच्या हाती प्रवास सोपवणं मला जमण्यासारखं नव्हतं.

मेव्हण्यानं रेल्वेचं काढलं. बीडला खरोखरच रेल्वे आली आहे. नगर-बीड-परळी हा दोनशे एकसष्ट किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ मध्ये, आणि बीडहून नगरला गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या बातमीचे पेढे वाटणारे हात गाडीला हिरवा झेंडा दाखवताना थरथरत होते, इतका काळ मध्ये गेला. पण गाडी नगरपर्यंत नेते, आणि नगरहून पुढं परत तोच प्रश्न. शिवाय रेल्वेला एकच रस्ता असतो. त्यात माझं काय काम?

पहाटे पाचला निघालो. मांजरसुंबा चढून पाटोद्याकडं वळलो तेव्हा रस्ता मोकळा, हवा गार, आणि मी प्रसन्न. सौताड्याचा धबधबा कुठल्या बाजूला, जामखेडपासून चोंडी किती जवळ, अहिल्यादेवींचा जन्म तिथलाच, असं सगळं मी समोरच्या सीटवरून सांगत होतो. मागे दोघंही झोपले होते. भाचा जागा होता, पण त्याला नाइलाज होता.

श्रीगोंद्याच्या अलीकडं पहिला ट्रॅक्टर लागला.

ऊसपट्ट्यातला हंगामाचा ट्रॅक्टर ज्यानं पाहिला नाही त्याला हे सांगून कळणार नाही. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर दोन्ही बाजूंना फाकलेला ऊस, आणि गाणं इतकं मोठ्यानं की मागून वाजवलेला हॉर्न त्या गाण्यातलाच वाटावा. एक ओलांडला की पुढं दुसरा. दिवाळीनंतर हा रस्ता कारखान्यांचा असतो, हा मुद्दा माझ्या तक्त्यात ‘दोष’ या रकान्यात यायला हवा होता. तो रकाना मी चौथ्या मार्गापुढं कोरा ठेवला होता.

एका ठिकाणी सगळंच थांबलं तसा मी उतरून ट्रॅक्टरवाल्याला विचारायला गेलो. पोरगा पाटोद्याकडचाच निघाला. “मपलं गाव सौताड्याजवळच की! तुम्ही बीडचे? आणि इकडून कामून आलात वो? शनिवार आहे ना आज. काष्टीचा बाजार असतो. आमचं सोडा, आम्हाला पर्याय नाही.”

खरं होतं त्याचं. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातल्या गावांना कुलपं लागतात. नवरा-बायकोचा एक कोयता धरून ऊसतोडीची उचल घेतलेली माणसं, पोरं, भांडी, शेळ्या, सगळं ट्रकमध्ये भरून याच रस्त्यांनी पश्चिमेला जातं. पुण्याच्या अलीकडचे सगळे रस्ते त्यांना पाठ आहेत आणि त्यांनी त्याचा तक्ता कधी केलेला नाही. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यानं एक ऊस ओढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “घ्या, खात बसा. दुपारपर्यंत निघंल.”

दुपारपर्यंत थांबावं लागलं नाही, पण काष्टीत बैलांना आधी जाऊ द्यावं लागलं. शनिवारचा जनावरांचा बाजार तिथं मोठा भरतो. एका खिलारानं आमच्या बॉनेटला शिंग लावून बघितलं आणि त्याला ते आवडलं नसावं.

घोड नदीच्या काठावरचं इनामगाव आलं तेव्हा आम्ही पुन्हा एका ट्रॉलीमागं होतो. हे गाव म्हणजे ताम्रपाषाणयुगातली वस्ती, डेक्कन कॉलेजनं केलेलं प्रसिद्ध उत्खनन. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथं लोक शेती करत होते, असं मी सांगितलं. जाग आलेला मेव्हणा खिडकीतून बघत म्हणाला, “दाजी, मग ते गेले कुठून पुढं? त्यांना तरी विचारलं असतं.”

न्हावऱ्यापासून मात्र रस्ता सुटला. दहाच्या सुमारास समोर पाटी दिसली : तळेगाव. मी मोठ्यानं वाचली. “आलं तळेगाव! सांगितलं नव्हतं? पुणं लागलंसुद्धा नाही.” मेव्हण्यानं तत्काळ व्याह्यांना फोन लावला. “तळेगाव टाकलं बरं का. साडेअकरापर्यंत दारात.” पलीकडं आनंद झाला. भटजींना कळवलं गेलं. आचाऱ्यानं जिलबीची कढई चढवली, हे नंतर कळलं.

आता, पुणे जिल्ह्यात तळेगावं दोन आहेत. द्रुतगती मार्गाजवळचं ते तळेगाव दाभाडे. आम्ही टाकलं होतं ते तळेगाव ढमढेरे. दोन्हींच्या मध्ये अख्खं चाकण आहे. भाच्याला हे माहीत होतं. तो नंतर म्हणाला, “मामा, तुम्ही इतके खूश होता की मला बोलवलं नाही.”

शिक्रापूरला नगर रस्ता ओलांडून चाकणच्या बाजूला तोंड केलं आणि गाडी बंदच केली. पुढं कंटेनर, त्यापुढं कंटेनर, त्यापुढं नव्याकोऱ्या गाड्या पोटात घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर. मी उतरून रांगेतून चालत गेलो आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. एमएच-२३. एमएच-४४. पुन्हा एमएच-२३. मधून मधून लातूरची २४, धाराशिवची २५. कारखान्यांची वाहनं सोडली तर या रांगेत सगळा मराठवाडा उभा होता. नगर रस्त्यावरच्या गाड्या चौकातून वाघोलीकडं आपल्या सावकाश सरकत तरी होत्या. पुणं चुकवायला निघालेले आम्ही सगळे मात्र एकमेकांना चुकवू शकत नव्हतो.

“साहेब!” कुणीतरी हाक मारली. आमच्या कॉलनीतले एक मास्तर, सहकुटुंब, लोणावळ्याला निघालेले. “तुम्हीच सांगितलेला रस्ता धरला. माझ्या साडूलाही सांगितला मी. त्यानं त्याच्या ऑफिसात सांगितला. ते बघा, मागं आहेत सगळे.” मागं पाहिलं. एका गाडीतून हात हलला. दुसऱ्या गाडीतल्या गृहस्थांना मी दशक्रियेला भेटलो होतो. त्यांनी हात हलवला नाही.

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. पण मास्तर माझ्याकडं अपेक्षेनं बघत होते. मी म्हणालो, “यालाही एक पर्याय आहे.” मास्तर म्हणाले, “नको, आम्ही इथंच थांबतो.” आम्ही मात्र गाडी काढली आणि पाबळच्या रस्त्याला लागलो. पाबळवरून राजगुरुनगर, म्हणजे जुनं खेड. मोबाइलमधली बाई वारंवार मागं वळा म्हणत होती. मी भाच्याला आवाज बंद करायला सांगितलं. रस्ता निवांत होता. पाबळला विज्ञान आश्रम आहे, खेड म्हणजे हुतात्मा राजगुरूंचं जन्मगाव, ही माहिती मी अर्धीच सांगितली, कारण ऐकणाऱ्यांत आता कटुता आली होती.

राजगुरुनगरहून तळेगावला जायचं तर नाशिक रस्त्यानं खाली उतरावं लागतं. आणि नाशिक रस्ता चाकणच्या चौकात येतो. त्याच चौकात शिक्रापूरचा रस्ता येतो. त्याचं नावच तळेगाव चौक. म्हणजे एवढा वळसा घेऊन आम्ही त्याच गर्दीच्या दुसऱ्या टोकाला, काटकोनात येऊन उभे राहिलो. चाकणच्या किल्ल्यानं, संग्रामदुर्गानं, १६६० मध्ये शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवलं. फिरंगोजी नरसाळे थोर होतेच. पण खान आज पुण्याहून निघाला असता तर दोन महिने त्याला चौकातच लागले असते आणि किल्ल्यातल्यांना तो आल्याचं कळलंही नसतं.

साडेबारा वाजले. व्याह्यांचा फोन आला. मेव्हण्यानं खरं सांगितलं, “चाकणला आहोत.”

पलीकडं शांतता. मग, “अहो, दहा वाजता तळेगावला होतात ना? आता चाकण? उलटे निघालात की काय? काही मनात असेल तर स्पष्ट बोला.”

त्याच क्षणी समोरून, शिक्रापूरच्या बाजूनं, मास्तरांची गाडी आमच्या देखत तळेगावकडं पार झाली. मागच्या काचेतून त्यांची पोरं आम्हाला टाटा करत होती.

पनवेलला पोचलो तेव्हा पंगत उठत होती. मुहूर्त तीनचा धरून ठेवला होता. तोही संपायला आला होता. अंगठी घालताना मेव्हण्याचा हात घामानं ओला, आणि भटजींचा चेहरा, पुढच्या कार्याची वेळ झालेल्या माणसाचा असतो तसा. आत्याबाई पहाटेच पोचून, अंघोळ करून, एक झोप काढून, नव्या सुनेला पदर कसा घ्यायचा ते शिकवत बसल्या होत्या. “लई उशीर केलात,” त्या म्हणाल्या. “गाडी पंक्चर झाली का?” बायको म्हणाली, “नाही. तक्ता केला होता.”

जेवताना व्याही शेजारी बसले. चांगला माणूस, मनात काही ठेवलं नाही. फेब्रुवारीत लग्न बीडला, सगळं वऱ्हाड घेऊन यायचं, तर कुठून यावं, असं त्यांनी सहज विचारलं. बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण जाताना आणि येताना फरक असतो, हंगाम ओसरत आलेला असतो, शनिवार टाळला की काष्टी मोकळी, हे सगळं मला त्या प्रवासात नव्यानं कळलं होतं आणि ते वाया घालवणं बरं नव्हतं. मी पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून दिलं. गावं, फाटे, चहा कुठं घ्यायचा. तळेगावं दोन आहेत, याच्या खाली दोन रेघा मारल्या.

लग्नाच्या दिवशी मंडप भरला, अक्षता वाटून झाल्या, मामा मुलीला घेऊन उभा राहिला. वऱ्हाडाचा पत्ता नाही. बँडवाल्यांनी तीच तीन गाणी इतक्यांदा वाजवली की मांडवातली पोरं चाल ओळखून आधीच थांबायला लागली. मेव्हणा माझ्याकडं बघत नव्हता. तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरदेव स्वतः बोलत होता, आवाज अगदी नम्र.

“काका, तुमचा कागद हातात आहे. आम्ही चाकणला तळेगाव चौकात आहोत. तीन बसेस आहेत. शिक्रापूरकडं सगळं जाम आहे म्हणतात. मागं वळून पाबळवरून काढू का?”

मी घसा साफ करून, “बरोबर विचारलंत, आता असं करा,” एवढंच म्हणालो, तोवर मेव्हण्यानं फोन काढून घेतला होता.