परदेश, व्हाया धायरी फाटा

२०२१ साली खडकवासला पुणे महानगरपालिकेत गेलं. गेलं म्हणजे कागदावर. गावातला माणूस अजूनही बसची वाट बघत ‘पुण्याला निघालोय’ असंच सांगतो आणि संध्याकाळी परतला की लांबचा प्रवास करून आल्यासारखा ओट्यावर टेकतो. अशा गावाजवळ अमेरिकेतल्या एका कॉलेजची बारा मुलं दोन आठवडे राहायला आली. विषय होता ‘ऐतिहासिक बहुसांस्कृतिक शहर’. सोबतीला कुणी स्थानिक जाणकार हवा म्हणून माझ्याकडे विचारणा झाली, तेव्हा मानधन किती ते न विचारताच मी हो म्हटलं. (मानधन नव्हतंच.) मी धरणाकडचा माणूस. पेठा त्यांना जेवढ्या परक्या तेवढ्याच मला. ती विमानानं आली होती आणि मी पीएमपीच्या बसनं जाणार होतो, एवढाच काय तो फरक.

मुलांबरोबर एक मॅडम होत्या आणि मॅडमबरोबर एक वेळापत्रक. ते अमेरिकेतच छापून, लॅमिनेट करून आणलेलं. सोमवार : मराठा शहर. मंगळवार : कारागीर. बुधवार : ख्रिस्ती. गुरुवार : ज्यू. शुक्रवार : मुस्लिम. आमच्या आक्कानं तो तक्ता उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, “दवाखान्यात कोणता डॉक्टर कोणत्या वारी बसतो, ते लिहिलंय वाटतं.”

तक्त्यात एक गोची होती. ती अमेरिकेत बसून दिसणं शक्य नव्हतं. सगळे वार पुण्याच्या पेठांनी आधीच अडवून ठेवलेत. सोमवारी सकाळी नऊला शनिवारवाडा आणि बुधवारी गुरुवार पेठ, असा प्रकार होऊन बसला. पहिल्याच दिवशी दोघी जणी बसथांब्यावर आल्या नाहीत. शनिवारचं शनिवारी बघू, म्हणून त्या कपडे धूत बसल्या होत्या.

बसमध्ये मुलांचं मराठी सुरू झालं. ‘पुढं सरका’ हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि ते कंडक्टरनं इतक्या वेळा म्हणून घेतलं, की धायरी फाट्यावर गाडी अडकून पडली तेव्हा मागच्या सीटवरून एका अमेरिकन मुलानं ते समोरच्या टेम्पोला ऐकवलं. एके काळी अशी मुलं पुण्यात कित्येक महिने राहत, नऊवारीतल्या आजींशी भांडण्याइतकं मराठी शिकत. एलिनॉर झेलियट अशी मुलं घेऊन यायच्या आणि स्वतः महाराष्ट्रातल्या दलित चळवळीवर आयुष्यभर लिहीत राहिल्या. मॅक्सीन बर्नसन तर फलटणलाच स्थायिक झाल्या. आता सगळं दोन आठवड्यांत उरकायचं, त्यातला बराच वेळ सिंहगड रोडवर. पण तक्रार नाही. राजाराम पूल येईपर्यंत मुलांना दहापर्यंत आकडे यायला लागले होते.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत गेल्यावर मुलांनी विचारलं, “राजवाडा कुठाय?” थोरल्या बाजीरावानं १७३२ साली बांधून घेतला, १८२८च्या आगीत आतलं सगळं जळालं, आता तट, दरवाजे, जोती आणि कारंजी उरलीत, असं मी सांगितलं. त्यांच्यातल्या लंबूनं (हे नाव आमच्या गावातल्या पोरांनी ठेवलेलं) मोकळ्या हिरवळीचे बरेच फोटो काढले. त्याच्या वहीत पुढे ‘मराठा शहर : गवत’ अशी नोंद मी स्वतः वाचली.

मंगळवारी कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. पेशवाईत कोकणातून आलेली ही तांबट मंडळी, घराघरातून ठोक्यांचा आवाज. मुलांनी सोबत आणलेल्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता, ‘शहराच्या बदलत्या रूपाकडे आपण कसे पाहता?’ तो चार वेळा ओरडून विचारला. हंड्याला मठार देत बसलेल्या काकांनी चारही वेळा ‘काय?’ म्हटलं आणि शेवटी हातोडीच विचारणाऱ्या पोरीच्या हातात दिली. तिनं अर्धा तास ठोके घातले. माझ्या मते त्या दौऱ्यातली ती सर्वांत यशस्वी मुलाखत.

कसब्यातच शेख सल्ल्याचे दर्गे आहेत. मी म्हटलं, आलोच आहोत तर चला. मॅडमनी तक्ता दाखवला. दर्गा शुक्रवारी. मंगळवारी तो बघता येणार नव्हता. आम्ही त्याच्याकडे न बघता पुढे गेलो, आणि शुक्रवारी दोन तास खर्चून पुन्हा त्याच गल्लीत आलो. तांबट काकांनी लांबूनच हातोडी दाखवली.

बुधवारी मात्र तक्ता हरला. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२चं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती लोक होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी म्हणून सवाई माधवरावानं जमीन दिली. हे मी सांगितल्यावर मुलांची पेनं थांबली. “म्हणजे हे सोमवारी लिहायचं की बुधवारी?” मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी समासात लिहायला सांगितलं. तिथून समास भरतच गेले.

त्याच दुपारी गुरुवार पेठेत पंचहौद मिशन. इथली गोष्ट सांगायला मी सकाळपासून टपलो होतो. ऑक्टोबर १८९०मध्ये मिशनमधल्या एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. हजर मंडळींत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात घेतला. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावंच छापून आणली, आणि त्या चहापायी पुण्यात बहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, थोरामोठ्यांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली.

“त्या चहात होतं काय?” वही उघडून बसलेल्या एका मुलीनं विचारलं.

“दूध, साखर, चहा आणि पाणी.”

“मग हरकत कशाला होती?”

“मुख्यतः पाण्याला.”

“पाणी कुठलं होतं?”

याची नोंद इतिहासकारांनी ठेवलेली नाही, पण माझा संशय आमच्या खडकवासल्यावर आहे. पंचहौद हे नावच तिथल्या हौदांवरून पडलेलं, तेव्हा ते पाणी कात्रजहून आलेलंही असेल. पण इंग्रजांनी खडकवासल्याचं धरण १८७९मध्ये पूर्ण केलं होतं. फाइफ नावाच्या इंजिनिअरच्या नावानं तलावाला लेक फाइफ म्हणायचे. त्याचं पाणी कालव्यानं शेतीला आणि लष्कर भागाला जायचं. टिळकांच्या प्रायश्चित्तात आमच्या गावाचा वाटा असू शकतो, या विचारानं मी जो ताठ झालो तो पुढे कुठेही पाण्याचा पेला आला, की ‘हे आमचंच’ असं सांगू लागलो. मुलंही सांगायला लागली. हॉटेलातले वेटर घाबरून पेले बदलून देत.

ही मस्ती नारायण पेठेतल्या एका वाड्यात उतरली. तिथले नव्वदीला टेकलेले आजोबा मुलांशी वीस मिनिटं बोलणार होते. तक्त्यात तसं छापलेलं होतं. ते दोन तास बोलले, त्यातला पाऊण तास माझ्याशी. मी पेला उचलून आमच्या धरणाचा उल्लेख केला मात्र.

“खडकवासल्याचे का तुम्ही?” आजोबा म्हणाले. “मग या जरा इकडे.” त्यांनी जिन्याजवळच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, एक खूण दाखवली. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. “तुमचं पाणी इथवर आलं होतं. आम्ही बोलावलं नव्हतं.”

मी पेला खाली ठेवला. मुलं भिंतीकडे बघत राहिली. आजोबांनाच माझी दया आली असावी, कारण त्यांनी आतून चहा मागवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “आणि एक लक्षात ठेवा. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं होतं. आमच्या घराण्यानं ते प्यायलंय. तुमचं आलं नंतर.”

गुरुवारी लाल देवळाची पाळी. हे ज्यूंचं सिनेगॉग १८६७चं. बगदादहून मुंबईला आलेल्या डेव्हिड ससूननं ते लष्करात बांधवलं. बाहेरून बघावं तर विलायती चर्चसारखं, लाल विटांचं, मनोऱ्याला घड्याळ, आणि लोक म्हणणार देऊळ. मॅडमनी तक्ता पर्समध्ये घालून टाकला. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, ती त्यांनी अमेरिकेतूनच काढलेली. यादीत बारा मुलं आणि मॅडम, सगळ्यांचे पासपोर्ट नंबर. माझं नाव यादीत नव्हतं. ‘तुम्ही तर इथलेच,’ मॅडम कळवळून म्हणाल्या. त्यामुळे आयोवाची मुलं माझ्या शहरातलं लाल देऊळ आतून बघून आली आणि मी फाटकाबाहेर पोलिसाशी गप्पा मारल्या. तो भोरचा निघाला. त्यानंही आतून बघितलं नव्हतं. मुलांनी बाहेर आल्यावर आम्हा दोघांना सगळं नीट समजावून सांगितलं. ससूनची कबरही तिथेच आवारात आहे, ही माहिती मला एका अमेरिकन मुलाकडून मिळाली.

(पारशी अग्यारीत परधर्मीयांना जाता येत नाही. तिथे मुलं आणि मी एकदाचे एका पातळीवर आलो.)

सिंहगड झाला, पिठलं-भाकरी झाली, दही झालं. ते सगळेच करतात.

आमच्या गावच्या संस्कृतीला तक्त्यात जागा नव्हती. आक्काला ते लागलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलं तिच्या हातचं थालीपीठ खात होती, तेव्हा तिनं मला दुभाष्या करून सांगितलं, की आमच्या शेजारच्या एनडीएची मुख्य इमारत सुदान देशाच्या पैशातून उभी राहिली, म्हणून तिला सुदान ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सुदानसाठी हिंदी सैनिक लढले, त्यांची आठवण म्हणून सुदाननं एक लाख पौंड दिले होते. भूतान-मालदीवची पोरं तिथे कवायत करतात. “आणि हे लोक परदेश बघायला रोज धायरी फाट्यावर दोन तास घालवतात,” ती म्हणाली. हे शेवटचं मी भाषांतरित केलं नाही. मॅडम मात्र हसल्या.

त्या दिवशी रविवार होता. रविवारी धरणाच्या चौपाटीवर सगळं पुणं लोटतं. कोंढव्याहून आलेलं बुरखा-टोपीवालं कुटुंब, रेनकोट घालून भजी खाणारे आयटीवाले, मणिपूरच्या मुली, सुदानी विद्यार्थी, कॅम्पातली एक पारशी बाई आणि तिचा घामाघूम ड्रायव्हर. रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबलेला. लंबूच्या वहीत एक प्रश्नावली कोरी राहिली होती. तो कणीसवाल्या मावशींपुढे उभा राहिला आणि पाठ केलेल्या मराठीत त्यानं विचारलं, “आपण कोणत्या समाजाचे आहात?”

मावशींनी निखाऱ्यावरचं कणीस फिरवलं, लिंबाची फोड तिखटमिठात बुडवली.

“तिखट लावू का नको, तेवढं सांग,” त्या म्हणाल्या. “आणि पुढं सरक. मागं गाड्या थांबल्यात.”

लंबूला यातलं ‘पुढं सरक’ अचूक समजलं. तो सरकला. कणीस मात्र मागेच राहिलं. ते मी खाल्लं.