भरल्या होडीचा पंखा

होडीला नवं इंजिन आणलं की कौतुक होतं ते त्याच्या डोक्यावरच्या चकचकीत टोपाचं. त्यावरचा ठसठशीत ९.९ हा आकडा लांबून वाचता येतो. मला तो चपलांच्या दुकानातल्या किमतीसारखा वाटत आला आहे. दहाला एवढंसं कमी ठेवून कुणाचं काय साधतं? पण परदेशात पुष्कळ तळ्यांवर दहा अश्वशक्ती आणि त्यापुढच्या इंजिनांना मज्जाव असतो, आणि त्या उंबरठ्याच्या अलीकडे उभं राहण्याची ही विनयशील युक्ती आहे. देवबागच्या कर्ली खाडीनं असा कुठलाच उंबरठा घातलेला नाही, तरी विनय मात्र आयात झाला. या सगळ्या थाटात ज्याच्यावाचून होडी वीतभरही हलणार नाही, तो तीन पात्यांचा पंखा पाण्याखाली असतो आणि त्याचा कुणी फोटो काढत नाही. खोक्यातून इंजिनाबरोबर आलेला पंखा तसाच लावून लोक समुद्रावर जातात. हा पंखा आपल्या होडीला शोभतो का, हा प्रश्न पडायला मनुष्य थोडा हट्टी असावा लागतो. माझे मामा तसे आहेत.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, त्यावरून वाद होत नाही. दुसरा पिचचा, आणि सगळी गंमत या दुसऱ्यात आहे. पाणी लाकडासारखं घट्ट असतं आणि पंखा त्यात स्क्रूसारखा शिरत गेला असता, तर एका फेऱ्यात तो किती इंच पुढे सरकला असता, ते हा आकडा सांगतो. म्हणजे जे पाणी या पृथ्वीवर कुठेच नाही, त्या पाण्यातलं हे माप. धातूवर इतक्या ठामपणे कोरलेलं स्वप्न मी दुसरं पाहिलेलं नाही. प्रत्यक्षातलं पाणी हातातून निसटतं तसं पात्यांवरूनही निसटतं. स्वप्न आणि प्रवास यांच्यात पडणाऱ्या अंतराला जाणकार ‘स्लिप’ म्हणतात. ती चूक नव्हे. थोडी स्लिप असल्याशिवाय पंखा पाण्याला रेटा देऊच शकत नाही. हलक्या, वेगवान बोटींत ती दहा-वीस टक्के असते. माणसांनी नि जाळ्यांनी भरलेल्या होडीत ती याच्या कितीतरी पुढे जाते.

यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या दिवसांत होड्या झावळ्यांच्या शाकाराखाली झोपलेल्या असतात आणि माणसांना मतं असायला भरपूर वेळ मिळतो. मामांच्या ओटीवर पावसाच्या साक्षीनं त्यांच्या नव्या इंजिनाच्या पंख्याची चर्चा सुरू झाली. मामेभावाला अकराचा पिच हवा होता. हिवाळ्यात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचं, तर होडी सुटली पाहिजे. त्यानं मोबाइलवर गणित मांडलं : इंजिनाचे मिनिटाला ५५०० फेरे, गिअरमधून खाली उतरताना त्यांचे राहतात २६४० च्या आसपास, गुणिले अकरा इंच, म्हणजे ताशी ४४ किलोमीटर! गणितात खोट नव्हती. फक्त त्यात होडी नव्हती. मामांनी ते शांतपणे ऐकलं आणि आठचा पिच हवा म्हणाले.

कमी पिचचा पंखा म्हणजे चढावर टाकलेला पहिला गिअर. फेरे जास्त, सरकणं थोडं, पण वजन निमूटपणे ओढणार. जास्त पिचचा पंखा रिकाम्या होडीला पळवतो आणि भरलेल्या होडीत इंजिनाचा घसा आवळतो. पिच एका इंचानं वाढवला की इंजिनाचे फेरे मिनिटाला दीडशे-दोनशेनं उतरतात. इंजिन पूर्ण जोरात असताना त्यानं पाच ते सहा हजारांच्या दरम्यान गात राहिलं पाहिजे. त्याखाली ते कण्हतं नि तापतं, त्यावर किंचाळतं. एवढंच शास्त्र आहे, आणि ते सारं एका प्रश्नावर येऊन थांबतं. आम्ही पंखा घ्यायला गेलो तेव्हा तो प्रश्न मालवणच्या दुकानदारानं वही उघडून विचारला, “होडीत वजन किती असतं?”

मामा म्हणाले, “जातना काय येतना?”

दुकानदारानं पेन खाली ठेवलं. मलाही तोवर हे सुचलं नव्हतं. पर्यटकांची होडी जाताना भरलेली आणि येताना तेवढीच भरलेली. तिचा हिशेब सरळ. मासेमारीची होडी जाते जवळजवळ रिकामी आणि परत येते ती नशीब असेल त्या वजनानं. पंखा मात्र दोन्हीकडे तोच.

पंख्याच्या बाबतीत शहाणपण कधीकधी अपघातानंही येतं. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्लिश शेतकऱ्यानं १८३६ मध्ये मळसूत्री पंख्याचं पेटंट घेतलं. त्याचा पंखा लाकडाचा होता, पुरते दोन वेढे असलेला. पुढच्या वर्षी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटून अर्धा तुटला, आणि बोट जोरात पळू लागली. उरलेला एक वेढा दोन वेढ्यांपेक्षा कामाचा निघाला. हा किस्सा मी मामांना सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. खाडीच्या मुखाशी वाळूचे बांध दर पावसाळ्यात जागा बदलतात, तिथे पंखे पुष्कळ तुटतात नि होडी त्यानं कधी पळालेली नाही, एवढंच म्हणाले.

मामांची पहिली होडी वल्ह्यांची होती. वल्ह्यावर आकडा नसे. ते हाताच्या लांबीवर ठरे, आणि मामांच्या वल्ह्यावर दुसऱ्याचा हात बसत नसे. मग छोटं इंजिन आलं. त्याच्या पंख्यात एक मऊ धातूची पिन असे. पंखा खडकावर आपटला की आतले दाते वाचावेत म्हणून तिनं मोडायचं, इतकीच तिची नोकरी. मामा तिचे जोड तंबाखूच्या डबीत ठेवत आणि मोडलेले तुकडे फेकायला त्यांना जड जाई. आता पंख्याच्या पोटात रबर असतं आणि धक्का ते सोसतं. पिनेचं काम सुटलं, पण मामांची पंख्यामागे हात घालून चाचपण्याची सवय सुटली नाही. तिथे जाळ्याचं तंगूस गुंडाळलं की तेलाचं सील कापलं जातं, हे निमित्त खरं आहे. मला मात्र ते एखाद्याची विचारपूस केल्यासारखं वाटतं.

दुकानात शेवटी मामांनी वजन सांगितलं. माणसं, जाळी, बर्फ, पेट्रोल, आणि मग बांगड्याच्या टोपल्या. टोपल्यांचा आकडा ऐकून मामेभावानं माझ्याकडे पाहिलं. तो आकडा आमच्या लहानपणचा होता. तेव्हा बांगडा किनाऱ्यापर्यंत येई आणि मामी घरोघर वाटत सुटे. हल्ली तो असा रुसला आहे की त्या टोपल्यांतल्या बहुतेक घरीच उपड्या असतात. ओटीवर मला वाटलं होतं की वेगवान पंखा मागणारा तरुण आशेवर आहे आणि संथ पंखा मागणारा म्हातारा काळजीत आहे. प्रकरण उलटं होतं. मुलगा आज मिळणाऱ्या पर्यटकांच्या हिशेबानं बोलत होता. आठचा पंखा हा अजून न मिळालेल्या मासळीसाठी होता.

दुकानदारानं दोघांची समजूत काढून पंखे दोन दिले. हिवाळ्यासाठीचा मामेभावाचा अकरा दहावर आला. नारळी पौर्णिमेनंतर मामांचा आठ बसतो. आठच्या पंख्यावर रिकामी होडी काढली की इंजिन सहा हजारांच्या वर जाऊन किंचाळतं. मामांनी थ्रॉटल आवरलं तर भागेल, पण नव्या इंजिनाला पूर्ण सोडून ऐकायचा मोह त्यांनाही आहे. त्यामुळे मी पुण्याहून गेलो की पहाटे मला उठवून नाळेकडच्या फळीवर बसवतात. काम काही सांगत नाहीत. जाळं ओढू का विचारलं तर मामा म्हणतात, “तू नुसतो बस. इंजिनाक बरां वाटता.” मामेभाऊ तेवढ्यात मला खालीवर न्याहाळून, मी किती टोपल्या बांगड्यांएवढा भरतो याचा अंदाज बांधत असतो, आणि माझ्या प्रत्येक फेरीत तो अंदाज त्याला वाढवावा लागतो.